चारही चाके ओढतात तेव्हा

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या शेजारच्या तालुक्यांत चाकाखालची जमीन फार लवकर बदलते. मुंबई-गोवा महामार्ग सोडून पश्चिमेला वळले की खारेपाटाच्या खाऱ्या जमिनीतले बांधावरचे अरुंद रस्ते, पूर्वेला डोंगरवाड्यांकडे चढणाऱ्या निसरड्या वाटा, रोह्याकडे कुंडलिका नदीच्या काठचे गोटे. त्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस. आडवळणाच्या वाड्यांवरून रुग्णाला आजही झोळीतून खाली आणावे लागते. अशा मुलखात चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीचे मोल वेगळे सांगायला नको.

अशा गाड्यांशी महाराष्ट्राची ओळख जुनी आहे. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पण २ ऑक्टोबर २०२० रोजी आलेली नवी थार आणि २०२३ मधली मारुतीची जिमनी यांनी फोर बाय फोर सुट्टीला कोकणात येणाऱ्या शहरी कुटुंबांच्या हाती दिली. यातले पुष्कळ चालक चारही चाके जोडणारा तो दुसरा दांडा पहिल्यांदा ओढतात ते गाडी रुतल्यावर. खरे तर तो चिखलाच्या अलीकडे, कोरड्या जमिनीवर उभे राहून ओढायचा असतो.

दांड्याची भाषा

थारच्या या दांड्यावर चार खुणा आहेत. ‘२ एच’ म्हणजे फक्त मागची चाके ओढणार. डांबरी रस्त्यावर कायम हेच. ‘४ एच’ म्हणजे चारही चाके, नेहमीच्या गिअरमध्ये; ओली माती, खडी, पातळ चिखल यांसाठी. ‘४ एल’मध्ये वेग सुमारे अडीच पटीने उतरतो आणि ओढ तेवढीच वाढते. तो टाकताना गाडी थांबलेली आणि गिअर न्यूट्रलला हवा.

चौथी खूण ‘एन’. ती सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते आणि धोका तिच्यातच अधिक आहे. दांडा ‘एन’वर राहिला तर गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटतो. पहिला गिअर टाकून उभी केलेली गाडीही मग उतारावर चालू लागते. दांडा बदलण्यापूर्वी हँडब्रेक ओढायचा, आणि दांडा पुरता बसला याची खात्री झाल्यावरच तो सोडायचा.

कोरड्या डांबरावर ‘४ एच’ का नको, याचे कारण वळणात आहे. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. या गाड्यांत मात्र पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो. माती सुटी असली तर चाक जरा घसरून तो फरक भरून काढते. डांबर घसरू देत नाही. मग स्टिअरिंग जड होते, टायर ओरडतात आणि सगळा ताण गिअर व जॉइंटवर येतो.

आणखी एक गैरसमज जिवावर बेततो. चारही चाके ओढायला लागली म्हणून ब्रेक अधिक चांगला लागत नाही. ब्रेक साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतोच. ओल्या घाटात फोर बाय फोर गाडी सुटते लवकर, पण थांबायला इतर गाड्यांएवढेच अंतर घेते.

चढ आणि उतार

डोंगरवाडीच्या वाटेवर चढ सरळ घ्यावा, आडवा नव्हे. आडवी गाडी कलंडते. मध्येच इंजिन बंद पडले तर तिथेच वळवण्याचा मोह टाळावा. ब्रेक दाबून धरावा, रिव्हर्स टाकावा आणि आलेल्या चाकोरीतूनच सरळ मागे उतरावे. उतरताना ‘४ एल’ आणि पहिला गिअर, पाय क्लचवरून काढलेला. वेग इंजिन धरून ठेवते. क्लच दाबला की तो आधार सुटतो आणि नुसत्या ब्रेकवर चाके घसरू लागतात.

पाणी

थार ६५० मिलीमीटर पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनी सांगते. हा आकडा संथ पाण्याचा आणि पक्क्या तळाचा आहे. साधा हिशेब करून पाहावा: सुमारे चार मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद गाडीला, पाणी तळाच्या वर चढू लागले की दर दहा सेंटिमीटरला सहाशे-सातशे किलोंची उचल मिळते. पावणेदोन टनांची गाडी अशी हलकी होत जाते आणि टायरची पकड जाते. मग चार चाके ओढोत की दोन. इंजिनाने हवेच्या वाटे पाणी ओढले तर आतले रॉड वाकतात, हे वेगळेच.

कुंडलिकेची आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. १९२७ पासून चालू असलेल्या भिरा वीजकेंद्रातून मुळशी जलाशयाचे पाणी या नदीत सुटते. कोलाडचे राफ्टिंग चालते ते याच पाण्यावर. त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही पात्र भरू शकते. पात्रात गाडी उतरवणे म्हणूनच टाळावे. पावसाळ्यात डोलवहाल बंधाऱ्यावरची कुंडलिकेची २३.९५ मीटर आणि नागोठण्यातली अंबा नदीची ९ मीटर ही धोक्याची पातळी लक्षात ठेवून प्रशासनाचा इशारा पाहावा आणि मगच निघावे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल कोसळला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. पुराच्या पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही, हे कोणताही गिअर सांगत नाही.

रुतल्यावर

खारेपाटाचा चिखल वरून वाळलेला दिसतो, आत मऊ असतो. चाक जागच्या जागी फिरू लागले की पाय उचलावा; जितके फिरवाल तितकी गाडी पोटावर बसते. चाकांपुढची माती खणावी, फळ्या किंवा पेंढा घालावा, टायरची हवा थोडी कमी करावी. महामार्गावर चढण्यापूर्वी ती पुन्हा भरायलाच हवी. ओढून काढताना दोर चासीला पक्क्या केलेल्या हुकातच अडकवावा, बंपरला कधीच नाही. ताणलेला दोर तुटला तर त्याचे टोक माणसाचा जीव घेऊ शकते, म्हणून बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभे करावे आणि दोरावर जाड गोणपाट टाकावे.

घरी परतल्यावरही काम उरतेच. ‘२ एच’ टाकला आहे का, ते पाहावे. खाऱ्या चिखलातले मीठ पत्रा खाते, म्हणून गाडीचा तळ त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावा. पाण्यातून आलेल्या गाडीचे ब्रेक हळू वेगात दोन-चार वेळा दाबून सुकवावेत आणि डिफरन्शियलचे तेल तपासून घ्यावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. पुढच्या फेरीआधी तेल बदलावे.