स्पीकरच्या वायरची निवड : ओहम, अंतर आणि तांबे

अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांना जोडणारी वायर हा घरगुती ध्वनियंत्रणेतील सर्वांत साधा घटक असला, तरी तिच्या गुणांविषयी बाजारात सर्वाधिक दावे केले जातात. वस्तुतः तिची निवड मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : स्पीकरवर ओहममध्ये छापलेला आकडा, अॅम्प्लिफायरपासूनचे अंतर आणि वायरमधील तांब्याची जाडी.

वीजप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यास रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. स्पीकरवरील ८ किंवा ४ हा आकडा मात्र सरासरी स्वरूपाचा असतो, कारण स्पीकरचा प्रत्यक्ष अडथळा, म्हणजेच इम्पिडन्स, स्वराच्या कंप्रतेनुसार कमीजास्त होत असतो. वायरचा रोध वाढला की जेथे इम्पिडन्स कमी तेथे घट अधिक होते. परिणामी आवाज किंचित कमी होतोच, शिवाय खर्ज आणि तार स्वरांचा तोलही ढळतो. म्हणूनच वायरचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांहून कमी असावा, असा संकेत रूढ आहे.

आपल्याकडे वायर चौरस मिलिमीटरवर विकली जाते. इलेक्ट्रिशियन जिला ‘दीड एमएम’ म्हणतात, तिच्यातील तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ १.५ चौरस मिलिमीटर असते. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असून प्रवाह जाऊन परत येत असल्याने अंतर दुप्पट धरावे लागते. त्यानुसार १० मीटरवरच्या स्पीकरसाठी दीडच्या वायरचा रोध ०.२३ ओहम भरतो, जो ८ ओहमच्या स्पीकरला (मर्यादा ०.४) सहज चालतो, पण ४ ओहमच्या स्पीकरला (मर्यादा ०.२) चालत नाही, तेथे ०.१४ ओहम रोधाची अडीचची वायर घ्यावी. परदेशी वायरीवर गेजचा आकडा असतो आणि तो जितका लहान, तितकी वायर जाड : १६ गेज म्हणजे साधारण १.३, तर १४ गेज म्हणजे २.१ चौरस मिलिमीटर.

जाडीइतकेच लक्ष धातूकडे द्यावे लागते. स्वस्त वायरींमध्ये अनेकदा अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर चढवलेला असतो. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असल्याने अशी अडीचची वायर जेमतेम दीडच्या तांब्याच्या वायरीएवढे काम करते. ब्लेडने एक तार खरवडली असता आत पांढरा धातू दिसला, की ही भेसळ उघडी पडते. मात्र ऑक्सिजनमुक्त तांब्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही, कारण त्याची वाहकता साध्या विद्युत तांब्याहून फार तर एखाद्या टक्क्याने अधिक असते.

जोडणी करताना अॅम्प्लिफायरचे लाल टर्मिनल स्पीकरच्या लाल टर्मिनललाच जोडावे, आणि त्यासाठी वायरीच्या एका पदरावर असलेली रेघ ओळखखूण म्हणून वापरावी. दोनपैकी एकाच स्पीकरची जोडणी उलटी झाली, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्ज बराचसा नाहीसा होतो. तसेच सुटलेली एखादी तार शेजारच्या टर्मिनलला टेकल्यास अॅम्प्लिफायर निकामी होऊ शकतो. पुरेशा जाडीची तांब्याची वायर आणि नीट आवळलेली टोके एवढे साधले, की महागड्या वायरीवरचा उरलेला खर्च अधिक चांगल्या स्पीकरकडे वळवणे केव्हाही श्रेयस्कर.