लातूरचा संगणक, नांदेडचा मेल सर्व्हर

मुख्यालय नांदेडला आणि शाखा लातूरला, ही मराठवाड्यात परिचित रचना. १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचेही उपकेंद्र लातूरला आहे. अशाच एखाद्या संस्थेची कल्पना करू. तिचा मेल सर्व्हर फक्त नांदेडच्या इमारतीतील संगणकांची पत्रे बाहेर पाठवतो. लातूरच्या संगणकावरील रात्रीचा बॅकअप फसतो. तसे कळवणारी ई-मेल सर्व्हर दारातूनच परत करतो आणि सकाळी कोणालाच पत्ता नसतो.

सर्व्हरचा हा हट्ट अनाठायी नाही. ई-मेल वाहून नेणारी 'एसएमटीपी' ही नियमावली १९८२ सालची. तीत पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नव्हती. कोणाचेही पत्र पुढे धाडणारे सर्व्हर पुढे स्पॅमवाल्यांच्या हाती पडले, काळ्या यादीत गेले आणि त्यांच्या मालकांची खरी पत्रेही नाकारली जाऊ लागली.

अशा वेळी लातूरचा आयपी पत्ता विश्वासू यादीत घालण्याचा मोह होतो. परंतु साध्या ब्रॉडबँडचा पत्ता बदलत राहतो. म्हणून पत्त्यांचा अख्खा पट्टाच मोकळा केला, तर त्याच कंपनीच्या अनोळखी ग्राहकांनाही दार उघडे होते.

विश्वास पत्त्यावर नव्हे, ओळखीवर हवा. यासाठी १९९८ मध्ये ५८७ क्रमांकाचे पोर्ट निराळे ठरले. पुढच्याच वर्षी परवलीचा शब्द विचारण्याची व संभाषण सांकेतिक करण्याची रीत आली. (२०१८ पासून शिफारस आहे ती आरंभापासूनच सांकेतिक असलेल्या ४६५ पोर्टची.) क्रम महत्त्वाचा: आधी सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासावे, मगच परवलीचा शब्द द्यावा, नाहीतर तो तोतयाच्याच हाती जायचा. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र खाते द्यावे, स्वतःच्याच नावाने आणि मोजकीच पत्रे पाठवण्याची मुभा असलेले. यंत्र चोरीस गेले तर तेवढे एक खाते बंद करून भागते.

काही जुन्या यंत्रांना सांकेतिक भाषा येत नाही. त्यांच्यासाठी लातुरातच 'पोस्टफिक्स'सारखा छोटा मध्यस्थ बसवावा. तो केवळ आतल्या यंत्रांची पत्रे घेऊन ओळखीनिशी नांदेडला देतो. जोडणी तुटली तरी पत्रे रांगेत राहतात. मूळ मांडणी बदलली नसेल तर पाच दिवस.

सगळे जुळल्यावर घरच्या जोडणीवरून, परवलीच्या शब्दाविना, त्याच सर्व्हरमार्फत बाहेरच्या पत्त्यावर एक पत्र धाडून पाहावे. ते नाकारले गेले पाहिजे.