सुरतेची जमीन आणि बोलके यंत्र

सुरतेचे नाव काढले की मराठी माणसाला 1664 सालचा जानेवारी आठवतो. शिवाजी महाराज शहरात आले, मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि धनिकांचे वाडे धुंडाळले गेले. डच वखारीजवळ वीरजी व्होरा या सावकाराचा वाडा होता. त्याची जमीन खणून काढली, अमाप द्रव्य आणि 28 शेर मोठाले मोती निघाले, असे इतिहासकार नमूद करतात. तेव्हा खणणाऱ्यांपाशी पहार, कुदळ आणि माहीतगाराची जबानी एवढीच साधने होती.

आज दांड्याला वाटोळी तबकडी लावलेले धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, बाजारात विकत मिळते. साहजिकच जुन्या घरांच्या मालकांना गुप्तधनाची स्वप्ने पडतात. सुरतेस स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी असेच एक यंत्र घेतले आणि आम्ही दोघे ते घेऊन डुमसच्या किनाऱ्यावर गेलो.

तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज जाते. खाली धातू असला की त्यातही भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, यंत्र ते ओळखते आणि बोलते. यास्तव मांडणी नेटकी हवी. तबकडीची तार दांड्याभोवती घट्ट गुंडाळावी. ती लोंबकळली तर यंत्र उगाच ओरडते. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. मग जिथे धातू नाही अशा जागी तबकडी जमिनीवर खालीवर हलवून, आवाज स्थिर होईतो यंत्राला त्या मातीची ओळख करून द्यावी. डुमसला नेमके हेच जमेना. तिथली वाळू काळी, लोहयुक्त, आणि वर समुद्राचे खारे पाणी! यंत्र अखंड बडबडू लागले. संवेदनक्षमता निम्म्यावर आणली आणि ओल सोडून वर सरकलो, तेव्हा कुठे ते शांत झाले.

परीक्षेसाठी वीतभर खोल रुपया पुरला, तर यंत्र मुके! हल्लीचा रुपया पोलादी, आणि लोखंडाकडे दुर्लक्ष करण्याची कळ दाबलेली होती. जुना चांदीचा तोडा पुरताच ते खणखणीत बोलले. तबकडी जमिनीलगत, समांतर, सावकाश फिरवावी. झोपाळ्यासारखी दोन्ही टोकांना वर नेली की तेवढी जमीन न तपासताच राहते.

एक गंमत ध्यानात घ्यावी. वीरजीच्या वाड्यावरून हे यंत्र फिरवले असते, तर त्या 28 शेर मोत्यांविषयी ते चकार शब्द बोलले नसते. हिऱ्यांना पैलू पाडून जगाला पुरवणाऱ्या सुरतेत हिरा त्याला दिसतच नाही! धातू आहे एवढेच ते सांगते. कोणता, कुणाचा, काढावा की नाही, हे सांगत नाही. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी खुद्द ग्रॅहॅम बेल असेच यंत्र घेऊन गेले होते. पलंगाच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी त्यांना चकवले, असे सांगतात. अध्यक्ष वाचले नाहीत.

म्हणून आवाज आला की लगेच पहार मारणे धोक्याचे. शहरात विजेच्या तारा आणि गॅसचे नळ पुरलेले असतात. आधी त्यांचा माग काढावा आणि मग हातखुरप्याने, कडेकडेने माती उकरावी. बॉम्बगोळ्यासारखे काही दिसले तर हात न लावता दूर होऊन पोलिसांना कळवावे. छातीत पेसमेकर असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे यंत्र हाती घेऊ नये, आणि तबकडी तर छातीजवळ नेऊच नये.

कायद्याची बाजू आमच्या स्नेह्यांना ठाऊक नव्हती. 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. लपवणाऱ्याचा हिस्सा जातो, शिवाय शिक्षा होते. परक्याच्या जमिनीत मालकाच्या संमतीवाचून पाऊल टाकू नये, हे निराळे सांगावयास नको. कतारगाम दरवाजाजवळची इंग्रज आणि डच दफनभूमी तर संरक्षित स्मारक आहे. पहिल्या स्वारीच्या वेळी इंग्रज वखारीचा मुख्य असलेला जॉर्ज ऑक्झेंडेन 1669 मध्ये सुरतेतच वारला, त्याची भव्य कबर तिथेच आहे. अशा स्मारकाच्या आवारात 1958 च्या कायद्यान्वये परवानगीवाचून खणताच येत नाही.

आणि माझ्या मते ते योग्यच आहे. नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी पडले होते, यावरून अभ्यासक वाड्याचा काळ ठरवतात. ते उपसून खिशात घातले की उरतो चांदीचा तुकडा. त्याचा भाव सराफ सांगेल, इतिहास कोणी सांगू शकणार नाही. सोनारांच्या दुकानातली धूळ धुऊन सोने काढणारे झारेकरी मला या हौशी धनशोधकांपेक्षा शहाणे वाटतात. ते निदान कुणाचा पाया उकरीत नाहीत.

डुमसच्या वाळूत शेवटी आम्हांला बाटलीची तीन झाकणे, एक वाकडा खिळा आणि पाच रुपयांचे जुने जाड नाणे मिळाले. झाकणे आणि खिळा पिशवीत भरून आणला, कारण अनवाणी पोरे तिथे पळत असतात. नाण्याचे आम्ही शेंगदाणे घेतले.