पहिलं महायुद्ध : पेटलं कसं, आणि मागं काय उरलं

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब आटोपला आणि गप्पा बातम्यांवर आल्या. कुणीतरी मोबाइलवर बॉम्ब पडताना दाखवला. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "एवढी शिकलेली माणसं, मग लढाई पेटते तरी कशी? आणि पेटली की विझत का नाही?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आज एकाच लढाईची गोष्ट सांगते. शंभर वर्षांपूर्वीच्या पहिल्या महायुद्धाची. लढाई युरोपातली, पण तिच्यात आपल्याकडची माणसंही गेली.

२८ जून १९१४. साराजेव्हो नावाचं शहर, आज ती बोस्निया देशाची राजधानी आहे. तेव्हा तिथं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहाचं राज्य होतं. त्या राज्याचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड बायकोला, सोफीला, घेऊन उघड्या मोटारीतून चालला होता. गाव्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या पोरानं दोघांना गोळ्या घातल्या. त्याला आपल्या मुलखावर ऑस्ट्रियाचं राज्य नको होतं. दोघंही गेली. पोरगा जागीच पकडला गेला.

आता तुम्ही म्हणाल, खुनी सापडला, खटला चालवा, शिक्षा द्या. युद्ध कशाला?

आपल्याकडं बांधावरून दोन घरांत कुऱ्हाडी निघतात, तेव्हा बांध हे निमित्त असतं. आत कितीतरी वर्षांचं साठलेलं असतं. इथंही तसंच होतं. इंग्लंड आणि फ्रान्सकडं जगभर वसाहती होत्या, जर्मनीला आपल्या वाट्याला कमी आलं असं वाटत होतं. जर्मनीनं मोठ्या लढाऊ बोटी बांधायला घेतल्या, म्हणून इंग्लंडनं आणखी मोठ्या बांधल्या. शिवाय देशांनी आपापसात करार करून ठेवले होते : तुझ्यावर कुणी आलं तर मी धावून येईन. हे करार धाकासाठी होते, कुणी भांडण काढू नये म्हणून. झालं उलटंच. ऑस्ट्रियानं सर्बियावर युद्ध पुकारलं. सर्बियाच्या पाठीशी रशिया उभा राहिला, ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी आधीपासून होता. रशियाच्या बाजूनं फ्रान्स. जर्मन फौजा फ्रान्सकडं जायला बेल्जियममध्ये घुसल्या, म्हणून इंग्लंड उतरलं. गोळ्या झाडल्यापासून ३७ दिवसांत हे सगळं झालं.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लाखो सैनिक रेल्वेनं सरहद्दीवर न्यायची वेळापत्रकं आधीच तयार होती. जो आधी फौज हलवील त्याचं पारडं जड, असं प्रत्येक सेनापती आपल्या राजाला सांगत होता. त्यामुळं चार दिवस थांबून बोलू या, असं म्हणणाऱ्याचं कुणी ऐकेना. दोष कुणाचा जास्त, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. माझ्या मते घाईचा दोष सगळ्यांचाच.

आणि हे राजे परके होते का? इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि जर्मनीचा कैसर विल्हेल्म हे सख्खे मामे-आतेभाऊ, दोघंही व्हिक्टोरिया राणीचे नातू. रशियाचा झार निकोलस हा जॉर्जचा सख्खा मावसभाऊ. भाऊबंदकी आपल्याच गावात असते असं नाही.

हिंदुस्थानावर इंग्रजांचं राज्य होतं. इंग्लंड लढाईत उतरलं, म्हणजे आपणही उतरलो. कुणी विचारलं नाही. सैनिक आणि हमाल-मजूर धरून सुमारे १३ लाख माणसं समुद्रापार गेली, त्यांतली सत्तर हजारांहून जास्त परतली नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जवान या युद्धात कामी आले. एका गावातले. त्या गावाला आज अपशिंगे मिलिटरी म्हणतात.

मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. तिथं कुत नावाच्या गावात तुर्की फौजेनं इंग्रज आणि हिंदी सैन्याला जवळपास पाच महिने वेढून ठेवलं. धान्य संपत आलं. घोडे कापले, पण ते मांस खायला कितीतरी हिंदी शिपाई तयार होईनात. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यांना उन्हातून, वाळवंटातून पायी नेलं. वाटेत आणि कैदेत हजारो मेले.

लढाई रणांगणावरच राहते असं आपल्याला वाटतं. ती आधी चुलीपाशी येते. रशियात पुरुष आघाडीवर, शेतं ओस, रेल्वे फौजेच्या कामाला. राजधानी पेट्रोग्राडमध्ये बायका कारखान्यात राबायच्या आणि मग कडाक्याच्या थंडीत पावासाठी रांगेत उभ्या राहायच्या. पाव मिळेलच असं नाही. ८ मार्च १९१७ ला कापड गिरण्यांतल्या बायका पाव मागत रस्त्यावर आल्या. दुसऱ्या कारखान्यांतले कामगार त्यांना मिळाले. आठवड्याभरात झारला गादी सोडावी लागली. आपण ८ मार्चला महिला दिनाची रांगोळी काढतो, तेव्हा ही रांग आठवायला हरकत नाही.

आपल्याकडं या युद्धाची सगळ्यात मोठी झळ बंदुकीची नव्हती. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात फ्लूची साथ उतरली. सैनिकांनी भरलेली जहाजं आणि रेल्वेगाड्या यांनी ती साथ गावोगाव नेली. त्याच साली पाऊस दगा देऊन गेला, धान्य आधीच महाग झालेलं. पावसाळ्याच्या शेवटी दुसरी लाट आली ती भयंकर होती. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्या वेळच्या नोंदी सांगतात की बायका जास्त दगावल्या. का, ते तुम्हाला सांगायला नको. घरात आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं, आणि ती आजारी पडली की तिच्या उशाशी कोण बसतं? १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. आपल्या जनगणनेच्या इतिहासात तो एकच असा दशक.

११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या. पुढच्या वर्षी तह झाला, तारीख तीच, २८ जून. सगळा दोष आणि प्रचंड नुकसानभरपाई जर्मनीच्या माथी मारली गेली. १९२३ मध्ये तिथं पैशाची किंमत इतकी घसरली की एका पावाला अब्जावधी मार्क पडू लागले. आयुष्यभर पै-पै साठवलेल्या म्हाताऱ्यांची बचत एका वर्षात कागद झाली. बचतगट चालवणाऱ्या बाईला याचा अर्थ वेगळा समजावायला नको. पुढं मंदी आली, बेकारी आली. या अपमानावर आणि उपासमारीवर हिटलर मोठा झाला. १९३३ मध्ये सत्तेवर आला आणि १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं. काकूंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता जर्मनीनं कधी फेडला माहीत आहे? ३ ऑक्टोबर २०१० ला. ज्यांनी युद्ध केलं त्यांच्या पतवंडांनी.

बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये आजही नांगरटीच्या वेळी जमिनीतून तोफेचे न फुटलेले गोळे निघतात. शेतकरी ते बांधाला ठेवतात, सैन्याची गाडी येऊन घेऊन जाते. दरवर्षी. काही गोळ्यांत अजून विषारी वायू आहे. फ्रान्समधल्या व्हर्दूनच्या आसपास काही रान असं आहे की तिथं अजून पेरायला बंदी आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. ज्यांच्या घरातलं कुणी त्या वेळी पलटणीत होतं, त्यांनी जुनी ट्रंक, देव्हारा, माळ्यावरचे डबे बघा. पदक सापडलं तर त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. अक्षरं इंग्रजी असतात, शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या आणि वहीत उतरवा. त्या माणसाच्या बायकोचं नाव घरात कुणाला आठवत असेल तर तेही शेजारी लिहा. पुढच्या बैठकीला वही घेऊन या. आणि पदक उजळायला म्हणून चिंच-राखेनं घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात.