ख्रिस्ती उपासनेंतील प्रवचन

ख्रिस्ती उपासनामंदिरांत दर रविवारीं जें प्रवचन होतें, त्याची खरी कसोटी वक्त्याच्या विद्वत्तेवर लागत नाहीं. घरीं परतलेल्या श्रोत्याच्या मनांत काय उरलें, यावर ती लागते. सभेंतील व्याख्यात्यास प्रश्न विचारतां येतो. उपदेशकास मध्येंच कोणी अडवीत नाहीं. म्हणूनच त्याची जबाबदारी अधिक.

प्रॉटेस्टंट पंथांत सोळाव्या शतकापासून प्रवचनाला उपासनेंत मध्यवर्ती स्थान मिळालें. रोमन कॅथॉलिक पंथांत १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें तें उपासनेचेंच अंग मानलें, आणि रविवारीं व सणाच्या दिवशीं गंभीर कारणावांचून तें गाळूं नये, असें ठरविलें. उपासनेंत देशभाषांनाही त्याच ठरावानें वाव मिळाला. पोप फ्रान्सिस यांनीं २०१३ सालच्या आपल्या उपदेशपत्रांत या विषयाचा विस्तारानें विचार केला; प्रवचन थोडक्यांत असावें, त्याला व्याख्यानाचें रूप येऊं नये, असें बजाविलें. २०२४ सालीं तर त्यांनीं आठ मिनिटांची मर्यादाच सांगितली. त्यापुढें लोकांना झोप येते, असें कारणही दिलें.

परंतु केवळ आटोपशीरपणानें प्रवचन चांगलें होत नाहीं. वाचलेल्या शास्त्रपाठांतील एकच विचार घ्यावा, तो आधीं स्वतःच्या मनांत घोळवावा, आणि मग श्रोत्यांच्या संसाराशीं त्याचा सांधा जुळवावा. समोरच्या बाकांवर नुकतेंच वैधव्य आलेली बाई असते, नोकरी सुटलेला गृहस्थ असतो, परीक्षेंत नापास झालेला मुलगा असतो. ‘श्रद्धा ठेवा’ एवढेंच त्यांना सांगणें म्हणजे भुकेल्यास पाकशास्त्र वाचून दाखविणें होय.

हें तत्त्व आपल्याकडे जुनेंच आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत छापलें गेलें. ख्रिस्तकथेसाठीं त्यानें मराठी कानाच्या ओळखीची ओवी पत्करली. १८९५ सालीं ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं भजन-कीर्तनाची वाट धरली. संदेश बाहेरून आलेला असला, तरी बोली श्रोत्याच्या घरची असावी, हें दोघांनींही ओळखलें होतें.

आज दूरदेशींचा नामांकित वक्ताही घरबसल्या पडद्यावर ऐकावयास मिळतो. पण शेजारच्या घरांत काल काय घडलें, हें त्याला ठाऊक नसतें. तें गांवच्या उपदेशकाला ठाऊक असूं शकतें. तेंच त्याचें भांडवल. आठवडाभर जो लोकांचें ऐकतो, त्याचेंच लोक रविवारीं ऐकतात.