दोघांच्या घरातील गरम पाणी

दोघांच्या संसाराला केवढा गिझर हवा, हा प्रश्न खर्चाइतकाच यत्नाचाराचाही आहे. जलकायिक व अग्निकायिक जीवांची विराधना गरजेबाहेर होऊ नये, ही श्रावकाची दृष्टी. 20 अंशांचे 15 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे पाऊण युनिट वीज लागते. त्यात तितकेच थंड पाणी मिसळले की 40 अंशांचे 30 लिटर, म्हणजे दोघांच्या स्नानाच्या दोन बादल्या होतात. म्हणून 15 लिटरचा गिझर पुरतो. गच्चीवरील 100 लिटरचे सौरसंयंत्र वीज वाचविते. परंतु पावसाळ्यात पूरक सोय लागते आणि गरम पाणी येईपर्यंत लांब नळातील थंड पाणी वाहून जाते. ते बादलीत धरून धुण्याभांड्यांसाठी वापरावे.