ट्रॅक्टर चालविण्याचा पहिला परवाना

ऊसतोडीच्या हंगामात मिसरूड न फुटलेला मुलगा भरलेली ट्रॉली ओढीत रस्त्याने जाताना दिसतो. वडील कौतुकाने म्हणतात, “पोराचा हात बसला आहे!” हात बसला असेलही, परंतु ट्रॅक्टर सार्वजनिक रस्त्यावर काढावयाचा तर चालकास 18 वर्षे पूर्ण झालेली असावीत व त्याजजवळ परवाना असावा. 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन चालकाच्या अपराधाबद्दल पालकास किंवा वाहनमालकास 3 वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते, म्हणजे पुढचा हंगामही गेलाच. त्या मुलास वयाच्या 25 वर्षांपर्यंत शिकाऊ परवानादेखील मिळत नाही.

वास्तविक रीत सोपी आहे. रिकामे वजन 7,500 किलोपर्यंत असलेला ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनांत मोडतो. प्रथम वाहतुकीचे नियम व चिन्हे यांची चाचणी देऊन शिकाऊ परवाना काढावा. त्याची मुदत 6 महिने असते. या काळात वाहनास पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर लावावे. 30 दिवस उलटल्यावर परिवहन कार्यालयात वाहन चालवून दाखवावे, म्हणजे पक्का परवाना मिळतो.

वीस वर्षे विनापरवाना ट्रॅक्टर हाकलेल्या प्रौढांनाही हीच रीत लागू आहे. चाळिशी उलटलेल्यांना वैद्यकीय दाखला अधिक जोडावा लागतो, एवढेच.